तक्रार नाही, असं आईनेच लिहिलं

गाडी शिकायला येणाऱ्यांनी तिचं नाव ब्रेकबाई ठेवलं होतं. ते तिच्या कानावरही आलं होतं, पण तिने मनावर घेतलं नाही. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो. वीस वर्षं तिचा पाय त्या ब्रेकवर तरंगत होता. समोरचा चुकणार हे तिला तो चुकायच्या आधी कळायचं. मान वळवायला किती वेळ लागतो, हात कुठे अडखळतो, सोप्या वळणावर कपाळाला आठ्या का पडतात, हे सगळं ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपायची. म्हणून आईचं काहीतरी बिघडतंय हे घरात सगळ्यांत आधी तिला कळलं. आणि तिथूनच तिच्या डोक्याला ताप सुरू झाला, कारण जे तिला दिसत होतं ते डॉक्टरला दिसत नव्हतं.

आता हा डॉक्टर कोण? तर घरचाच म्हणायचा. ब्रेकबाईचं गालगुंड, भावाचा मोडलेला हात, वडिलांचं शेवटचं दुखणं, सगळं त्यानेच पाहिलेलं. आणि आई? आई त्याच दवाखान्यात एकतीस वर्षं कामाला. दवाखाना उघडला त्या दिवसापासून. बाहेरच्या खोलीत एक लाकडी कठडा, कठड्यामागे गोळ्यांच्या बरण्या, बरण्यांपुढे आई. डॉक्टर तिला ‘बाई’ म्हणायचा, पेशंटही बाईच म्हणायचे.

त्या दवाखान्याची कामाची एक पद्धत होती. पेशंट आला की आई विचारणार, काय होतंय? मग त्याचा केसपेपर काढून वरच्या ओळीत दोन शब्दांत तक्रार लिहिणार. ‘खोकला, आठ दिवस.’ ‘गुडघा, डावा.’ कागद आत जाणार, डॉक्टर ती ओळ वाचणार, तेवढंच तपासणार, चार मिनिटांत पेशंट बाहेर. पुड्या आईच बांधणार, वर लेबल लावणार, सुवाच्य अक्षरात लिहिणार. डॉक्टर कौतुकाने सांगायचा, “बाईंनी लिहिलं म्हणजे अर्धं निदान झालंच.” पद्धत झकास होती. सत्तर पेशंट दुपारच्या आत निघायचे. फक्त ती लिहिणारीच आजारी पडली तर काय, याचा विचार कुणी केला नव्हता.

घरी सुरुवात झाली ती मिठाच्या बरणीपासून. एका सकाळी ब्रेकबाईने फडताळ उघडलं तर मिठाच्या बरणीवर दवाखान्याचं लेबल. आईच्या अक्षरात, ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर.’

ती हसली. “आई, साखरेला काय, उपाशीपोटी का?”

आईही हसली. पण ते हसणं ब्रेकबाईला ओळखीचं होतं. आरसा न बघता गाडी वळवलेला माणूस, शेजारी शिकवणारी ओरडली की असाच हसतो. काय झालं ते त्याला कळलेलं नसतं, तरी हसतो.

मग साखर, मग चहा, मग धुण्याचा साबण, सगळ्यांना लेबलं लागली. सुट्टीच्या दिवशी आई आवरून दवाखान्यात गेली आणि बंद दारासमोर दोन तास पायरीवर बसून राहिली. विचारलं तर म्हणाली, “डॉक्टरांना आज उशीरच झाला.” एकच गोष्ट जेवताना तीनदा विचारायची आणि तिसऱ्यांदा उत्तर मिळालं की रागवायची, “मला बहिरी समजतेस का?”

ब्रेकबाईने आईला दवाखान्यात न्यायचं ठरवलं. आता दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला दवाखान्यात न्यायचं म्हणजे काय, तर ती आहे तिथून उचलून चार पावलांवर बसवायची. तिने आईला बाकावर बसवलं आणि म्हणाली, “आज तू पेशंट. हलायचं नाही.” आणि गाडी नीट लावून यायला ती दोन मिनिटं बाहेर गेली.

परत आली तर आई कठड्यामागे. स्वतःचाच केसपेपर काढून वरच्या ओळीत लिहून मोकळी, ‘तक्रार नाही. नेहमीची तपासणी.’

आत डॉक्टरने ओळ वाचली आणि खुर्चीत मागे रेलला. “मग कशाला आणलंस गं हिला?”

“डॉक्टर, ती विसरते.”

“मीही विसरतो. काल चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होतो.” तो आईकडे वळला. “काय बाई, आज वार कोणता?”

“सोमवार,” आई ताठ बसून म्हणाली. “खिडकीजवळ ते पायाला पट्टी बांधलेले आजोबा बसलेत ना, त्यांची पट्टी सोमवारी बदलते. आणि मागच्या खेपेला त्यांना टिटॅनसचं इंजेक्शन द्यायचं तुमच्याकडून राहिलं.”

डॉक्टरने दोन्ही हात वर केले. “ऐकलंस? आता मलाच तपासून घ्यावं लागेल हिच्याकडून. वय झालंय, बाकी काही नाही. शब्दकोडी सोडवायला दे.”

ब्रेकबाईचं पित्त खवळलं. एकतीस वर्षं ज्या खोलीत माणूस वावरला त्या खोलीतलं विचारलं तर तो सांगणारच! रोजच्या रस्त्यावर तर कच्चा शिकाऊसुद्धा गाडी नीट नेतो. नव्या गल्लीत घाला, मग कळतं. पण आई शेजारी बसलेली. तिच्यादेखत ‘ती मिठाला लेबलं लावते’ कसं सांगायचं? बाहेर पडताना डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणाला, “फार काळजी करतेस तू.” ती थाप तिला पुढचे चार महिने टोचत राहिली.

मग तिने ठरवलं, डॉक्टरशी एकटीने बोलायचं. गाडीत बसूनच फोन केला.

“दवाखाना. बोला, काय होतंय?”

“आई, मीच आहे.”

“हां, काय होतंय तुला?”

“मला काही नाही. डॉक्टरांना दे.”

“डॉक्टर पेशंट बघतायत. मला सांग, मी लिहून ठेवते.”

ब्रेकबाईने फोन ठेवला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. पुढच्या आठवड्यात तिने पत्र लिहिलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, तारखांसकट, कधी काय झालं ते सगळं. पाकिटावर ‘फक्त डॉक्टरांसाठी’ असं दोनदा अधोरेखित केलं. पण दवाखान्याचं टपाल कोण उघडणार? आईच. पंधरा दिवस उत्तर नाही म्हणून ब्रेकबाईने एकदा कठड्यामागे जाऊन फायली चाळल्या. पत्र सापडलं. व्यवस्थित भोक पाडून ‘उत्तर दिले’ या फायलीत लावलेलं. आईने ते वाचलं की नुसतंच लावलं, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

उरला भाऊ. तो दुसऱ्या गावी राहायचा, दोन महिन्यांतून एकदा दुपारपुरता यायचा. त्या दुपारी आई अशी काही खुलायची की विचारू नका.

“मला तर ठणठणीत वाटते,” तो फोनवर म्हणाला.

“दादा, दोन तासांत तुला काय दिसणार? ये ना, आठवडाभर राहा.”

“अगं, मला सुट्टी कुठली. आणि तू हे बाहेर बोलू नकोस हं. एकदा का डोक्याचा आजार म्हणून शिक्का बसला की तिचं काम गेलं. कामावरच ती तग धरून आहे. आईला घरी बसवायचंय का तुला?”

“म्हणजे कुणी काही बघायचंच नाही?”

“तू नेहमी असं तोडूनच बोलतेस,” दादा म्हणाला आणि त्याला कुठेतरी जायचं होतं.

खरं सांगायचं तर दादाचं ते कामाबद्दलचं वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. आईचं काम गेलं तर काय? ती सकाळी आवरून कुठे जाणार? म्हणून दात-ओठ खात का होईना, ब्रेकबाई वर्षभर गप्प बसली. हे तिच्या हातून चुकलं. ज्या चुकीवर तिने शिकाऊंना जन्मभर झापलं, तीच तिने केली. पुढे काय येतंय ते दिसत होतं आणि पाय ब्रेकवर नुसता ठेवला होता.

तिच्याकडे तेव्हा एक निवृत्त टपालवाला शिकायला यायचा. बासष्ट वर्षांचा, जन्मभर सायकल चालवलेला. गाडीतही पॅडल मारल्यासारखे पाय हलवायचा. बोलका, विनोदी. त्या दिवशी मात्र गप्प गप्प. चौकात दिवा लाल होता आणि गाडी काही थांबेना. ब्रेकबाईने पाय दाबला. गाडी कचकन थांबली तेव्हा समोरून एक बाई बाबागाडी घेऊन निघाली होती. तीन हातांवर.

“झोपलात की काय, काका?”

“झोपलोच बहुतेक,” तो डोळे चोळत म्हणाला. “माफ करा बाई. तीन दिवस असंच होतंय. सकाळची गोळी घेतली की डोळे मिटायला लागतात.”

“कसली गोळी?”

“साखरेची. कधीपासून घेतोय. या खेपेला पिवळी आहे. म्हटलं डॉक्टरांनी बदलली असेल.” त्याने खिशातून पुडी काढली.

लेबल आईचं. अक्षर सुंदर, वळणदार. ‘साखरेसाठी. सकाळी एक.’ आत बारीक पिवळ्या गोळ्या. ब्रेकबाईला त्या गोळ्या ओळखीच्या होत्या. वडिलांच्या शेवटच्या महिन्यांत त्याच देत होते, झोप लागावी म्हणून.

तिने टपालवाल्याला बाजूला बसवलं, स्वतः गाडी घेतली आणि वर ‘शिकाऊ’ पाटी तशीच ठेवून थेट दवाखान्यासमोर आणून उभी केली. रांग ओलांडून आत शिरली. कठड्यामागून आई म्हणाली, “अगं, नंबर लाव! काय होतंय तुला?” ती थांबली नाही. टपालवाल्याला तिने पुढे घातलं, डॉक्टरसमोरच्या पेशंटला म्हणाली, “मावशी, पाच मिनिटं बाहेर बसा,” आणि दार लावून घेतलं. मग पुडी टेबलावर ओतली.

डॉक्टरने एक गोळी उचलली. चष्मा सारखा केला. त्याचा चेहरा उतरला. त्याने आधी टपालवाल्याचा रक्तदाब घेतला, बोट टोचून साखर पाहिली, नीट प्रश्न विचारले, स्वतः उठून योग्य गोळ्या आणून दिल्या आणि त्याची माफी मागितली.

“कुणी मेलं तर नाही ना?” टपालवाला म्हणाला. “मग ठीक आहे. बाईंना रागावू नका.” आणि तो बाहेर जाऊन बसला.

ब्रेकबाई उभीच होती. “आता म्हणा वय झालंय. आता म्हणा शब्दकोडी.”

डॉक्टर बराच वेळ गोळ्या बोटाने एका ओळीत लावत राहिला. मग म्हणाला, “तू हिला आणलंस, तेव्हापासून मी दुपारी बरण्या तपासतोय.”

“काय?”

“दोनदा अदलाबदल सापडली. मी गुपचूप नीट केली. मागच्या आठवड्यात एका लग्नाला गेलो, तेवढी दुपार राहिली.”

ब्रेकबाईला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि मला म्हणालात फार काळजी करतेस?”

“माहीत असं नाही. शंका होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून काय करणार होतो मी?” आता त्याचाही आवाज चढला. “या आजाराला बरं करणारं औषध नाही. तिला सांगायचं, बाई तुमचं डोकं हळूहळू जाणार, आणि घरी पाठवायचं? एकतीस वर्षं ती माझ्याबरोबर आहे! आणि मला तरी काय येतं यातलं? कॉलेजात एक तास शिकवलं होतं, तेही शेवटच्या वर्षात.”

“एक तास गाडी शिकवून मी कुणाला रस्त्यावर सोडत नाही, डॉक्टर.” तिने टेबलावर हात आपटला. “औषध नाही म्हणून आजाराचं नावही सांगायचं नाही? पाय कापावा लागला तर म्हणता का, नवीन पाय तर येणार नाही, कशाला सांगा? मला नाव तुमच्या तोंडून, खात्रीने कळलं असतं तर मी तिच्यावर ओरडले नसते. तिसऱ्यांदा विचारलं म्हणून मी तिला घरात काय काय बोलले ते तुम्हाला ठाऊक नाही. दोन वर्षं! दोन वर्षं मी एका आजारी माणसाशी भांडले, कारण तुमच्या कागदावर तक्रार नाही असं लिहिलं होतं. आणि ते लिहिलं कुणी? तिनेच!”

बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली. “थांबा!” दोघंही एकदम ओरडली.

तो शेवटी म्हणाला, “काय करू, सांग.”

हा प्रश्न डॉक्टरने तिला विचारावा, यातच सगळं आलं. पण वर्षभर ती हातावर हात ठेवून बसली नव्हती. शहरातल्या वाचनालयात बसून मिळेल ते वाचलं होतं, एका मोठ्या इस्पितळाच्या दारात उभं राहून तिथल्या नर्सला गाठून गाठून विचारलं होतं. ती म्हणाली, “आधी मला वेगळं विचारा. तिच्यामागे. मग तिला विचारा, पण दवाखान्याचं नाही, घरचं. रक्त तपासा. थायरॉइडने होतं, जीवनसत्त्व कमी पडलं तरी होतं, आणि ते तरी बरं होतं ना? कान तपासा. ती बाकी कुठल्या गोळ्या घेते ते बघा. मग मोठ्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्या. आणि काय असेल ते तिच्या तोंडावर सांगा. माझ्या नाही.”

दुपारी रांग संपल्यावर डॉक्टरने आईला आत बोलावलं. ती नेहमीसारखी वही घेऊन उभी राहिली. “बसा, बाई,” तो म्हणाला. पेशंटच्या खुर्चीत ती एकतीस वर्षांत आपणहून कधी बसली नव्हती. आता अगदी कडेला बसली.

“काल संध्याकाळी घरी काय केलंत?”

आईने मान वळवून लेकीकडे पाहिलं.

“तिला नको, मला सांगा.”

“जेवले. झोपले. आणखी काय करणार?”

“बरं. घरून इथे कसं येता, ते सांगा बघू. कुठून वळता?”

आई खुलली. धडाधड सांगायला लागली. जिना उतरायचा, समोर छापखाना, त्याच्या भिंतीने डावीकडे, मग पाण्याची टाकी. डॉक्टर मान डोलावत होता आणि ब्रेकबाई दचकून पुढे झाली. तो रस्ता जुन्या घराचा होता. ते घर सोडून बारा वर्षं झाली होती. छापखाना तर केव्हाच पाडला. रोज ती कशी पोचत होती? पायांना येत होतं, तोंडाला नाही.

डॉक्टरलाही ते घर माहीत होतं. वडिलांना तपासायला तो तिथे कितीदा आला होता. त्याने पेन खाली ठेवलं.

“बाई, मला वाटतं तुमच्या स्मरणशक्तीला आजार झालाय. तपासण्या करू. पण मला तसं वाटतं, आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं.”

आई बराच वेळ वहीच्या कडा सारख्या करत राहिली. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“दीड वर्ष झालं. गोळ्या मोजता मोजता आकडा हातातून जातो. या वयाचे पेशंट मी कमी पाहिलेत का, डॉक्टर? त्यांच्या सुना मला बाहेर सांगायच्या, बाई, सासूबाई विसरतात हो. मी तुमच्याकडे लिहून पाठवायची. तुम्ही म्हणायचात, वय झालं. मग मी लिहायचं सोडून दिलं. कागदाची जागा कशाला वाया घालवायची?”

डॉक्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“माझं लिहिलं असतं तर तुम्ही मला काढलं असतं,” ती पुढे म्हणाली. “आणि हिने रडून गोंधळ घातला असता. म्हणून लिहिलं नाही. पुडी चुकेल असं वाटलं नव्हतं. कुणाची चुकली?”

“टपालवाल्यांची. बरे आहेत ते.”

आईने तोंडावर पदर घेतला. रडली नसावी, पण बराच वेळ घेतला तो पदर.

ब्रेकबाईला सगळ्यांचा एकदम राग आला. आईचा, डॉक्टरचा, दादाचा, स्वतःचा. किती सुना त्या कठड्यापाशी येऊन सांगून गेल्या असतील? आणि सगळ्या घरी जाऊन गप्प बसल्या असतील.

पुढे जे झालं ते झटपट झालं असं समजू नका. रक्ताच्या तपासण्यांत थोडं काही सापडलं, ते सुधारलं, पण विसरणं थांबलं नाही. मोठ्या डॉक्टरची तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली. ब्रेकबाईने तिथल्या कारकुनाला ऐकवायचं ते ऐकवलं, तारीख एका दिवसानेही अलीकडे आली नाही. दादाने फोनवर विचारलं, “एवढं करून मिळवलंस काय?” तिने फोन कापला. आईला घरी बसवून आराम द्यावा असं डॉक्टरच्या मनात होतं. त्यावरून पुन्हा जुंपली. “बरण्या काढून घ्या, खुर्ची नाही!” ब्रेकबाई म्हणाली. शेवटी औषधं द्यायला नवी मुलगी आली आणि आई सकाळचे दोन तास बाकावरच्यांचे नंबर पुकारायला बसली. कधी नंबर चुकतो, लोक एकमेकांत समजून घेतात. कधी नाही घेत, मग तमाशा होतो.

डॉक्टर मात्र एका अभ्यासवर्गाला जाऊन आला, या वयात, वही घेऊन. आणि त्याने गुरुवारची दुपार बाजूला काढली. ज्यांच्या घरचं म्हातारं माणूस विसरतंय त्यांनी यायचं. आधी घरच्यांशी वेगळं बोलणं, मग पेशंटशी. प्रत्येकाला अर्धा तास. पहिल्या गुरुवारी तिघं आले, दुसऱ्याला अकरा. आता शहरात असे दवाखाने किती आणि गुरुवार पाळणारा हा एकच, हा हिशेब मांडला की ब्रेकबाईचं डोकं अजून सणकतं.

तिचा स्वतःचा नंबर तिसऱ्या गुरुवारी लागला. तिने तारखांची वही काढली. आई रात्री उठते का, कपडे उलटे घालते का, गॅस कोण बंद करतं, सगळं भराभरा सांगितलं. डॉक्टर लिहीत होता. मग त्याने मान वर केली.

“आणि तुझं काय? तू कशी आहेस?”

ती भडकली. “दोन वर्षं लागली हे विचारायला?”

“हो,” तो म्हणाला. “लागली.”

तिला वाटलं उठून जावं. बाहेर गाडी उभी होती, शिकाऊ खोळंबले होते. तिने दाराकडे पाहिलं, वही मिटली, आणि डोळे पुसून म्हणाली, “लिहा मग. तक्रारी आहेत. भरपूर आहेत.” आणि ती सांगायला लागली. अर्धा तास उलटून गेला तरी तिचं संपलं नव्हतं.